दंत क्ष-किरण तज्ज्ञ : कार्य आणि कौशल्य

पौष पौर्णिमेस ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे यात्रा भरते. तेथील गुरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. बैल पसंत पडला की खरेदीदार प्रथम त्याचे तोंड उघडून दात पाहतो. 'आदत', 'दोनदाती', 'चौदाती', 'जुळलेला' अशा मोजक्या शब्दांत जनावराचे वय सांगितले जाते आणि किमतीची बोलणी त्यानंतर सुरू होतात. दात ठरावीक क्रमाने येतात, हे शेतकऱ्याचे अनुभवसिद्ध ज्ञान माणसालाही लागू पडते. मात्र दाताचे मूळ, त्याभोवतालचे हाड आणि न उगवलेला दात हे सारे जबड्यात दडलेले असते. ते पाहण्याचे साधन म्हणजे क्ष-किरण आणि जे दिसले त्याचा अर्थ लावणारी व्यक्ती म्हणजे दंत क्ष-किरण तज्ज्ञ.

विषयाची व्याप्ती

रंटजेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतील दंतवैद्य ऑटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे किरणांसमोर स्थिर राहावे लागले. आज हेच काम सेकंदाच्या अंशात होते.

भारतात दंतवैद्यकाची पदवी घेतल्यानंतर तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण करून या शाखेतील तज्ज्ञ तयार होतो. मुंबईतील शासकीय दंत महाविद्यालय व नायर रुग्णालय दंत महाविद्यालय येथे ही शाखा आहे. शाखेच्या नावात मुखरोगांचे निदान आणि क्ष-किरणशास्त्र हे दोन्ही विषय येतात. रुग्णाची हकिकत ऐकणे, गाल, जीभ, हिरड्या व मानेतील गाठी तपासणे हे काम आधी. चित्र काढावे की नाही आणि कोणते काढावे, हा निर्णय त्यानंतर. एका दाताचे दुखणे असेल तर तोंडात ठेवलेल्या लहान पट्टीवरील चित्र पुरते. दोन्ही जबड्यांचा विचार करावयाचा असेल तर एकाच पट्टीवर सर्व दात दाखविणारे चित्र घेतात. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेपूर्वी त्रिमितीय चित्राची गरज पडू शकते.

छायेचे वाचन

क्ष-किरण चित्र म्हणजे अखेर एक छाया होय. पुढचे आणि मागचे सारे तीत एकावर एक पडते. खालच्या जबड्यात हनुवटीच्या बाजूस नसेसाठी एक नैसर्गिक छिद्र असते. चित्रात ते उपदाढेच्या मुळाशी आले म्हणजे पुवाच्या पोकळीसारखे दिसते. अशा वेळी केवळ चित्रावर विसंबले तर निरोगी दात काढला जाण्याचा धोका असतो. तज्ज्ञ प्रथम तो दात जिवंत आहे काय याची चाचणी घेतो आणि कोन बदलून दुसरे चित्र पाहतो.

कोन बदलण्याचे तत्त्व समजण्यास सोपे आहे. धावत्या एस.टी.च्या खिडकीतून पाहताना रस्त्याकडेची झाडे झपाट्याने मागे जातात, तर दूरचा सिद्धगड आपल्याबरोबर चालल्यासारखा भासतो. त्याचप्रमाणे किरणांची नळी बाजूला सरकविली असता, जबड्यात अडकलेला सुळा इतर दातांच्या तुलनेने नळीच्या दिशेने सरकला तर तो आतल्या, म्हणजे टाळूच्या बाजूस आहे. उलट सरकला तर ओठाच्या बाजूस आहे, असे ठरते. शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने करावयाची हे यावरूनच निश्चित होते.

चित्राची मर्यादा जाणणे हाही कौशल्याचाच भाग आहे. खनिजांचा बराच अंश नष्ट होईपर्यंत दाताची कीड वा हाडाची झीज चित्रात उमटत नाही. चित्र निर्दोष दिसले म्हणून रुग्णाची वेदना खोटी ठरत नाही.

किरणांपासून संरक्षण

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी या शास्त्राच्या आरंभकाळात संरक्षणाविना वर्षानुवर्षे काम केले. त्यांच्या हाताला कर्करोग झाला. बोटे आणि पुढे हातही गमवावा लागला. १९२८ मध्ये त्यांचा अंत झाला. आज लहान दंतचित्रातून रुग्णास मिळणारी मात्रा काही मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे साधारण एका दिवसात निसर्गातून मिळणाऱ्या किरणोत्साराइतकी असते. तरीही अनावश्यक चित्र टाळणे, किरणांचा झोत हव्या तेवढ्याच भागावर मर्यादित ठेवणे आणि पुन्हा चित्र घेण्याची वेळ न आणणे ही तज्ज्ञाची जबाबदारी आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ देशातील अशा यंत्रांवर देखरेख ठेवते.

वयाचा प्रश्न

वीटभट्टीवर किंवा अन्यत्र आढळलेल्या मुलाचे वय ठरविण्याचा प्रसंग प्रशासनापुढे येतो. कामासाठी कुटुंबासह स्थलांतर करणाऱ्या कातकरी मुलांच्या बाबतीत कागद हाती नसणे ही नित्याची अडचण होय. डेमिर्जियन व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये खालच्या जबड्यातील डाव्या बाजूच्या सात दातांच्या वाढीचे आठ टप्पे पाडून वय अनुमानण्याची पद्धत मांडली. हे दात पूर्ण वाढल्यावर अक्कलदाढेच्या मुळांचा आधार घ्यावा लागतो आणि तेथे व्यक्तीव्यक्तीत मोठा फरक असतो. म्हणून प्रामाणिक तज्ज्ञ एकच आकडा न देता वयाची मर्यादा सांगतो. सतरा की अठरा, हा वाद केवळ दातांवरून निःसंशय मिटत नाही.

बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ मध्ये हाच क्रम आहे. प्रथम शाळेचा अथवा परीक्षा मंडळाचा दाखला, तो नसल्यास नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद झाली असेल तर त्या मुलाचे वय सिद्ध करण्यासाठी यंत्राची गरजच उरत नाही.

गावाचा वाटा

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता व सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कर्करोग व त्यापूर्वीच्या विकृती शोधणाऱ्या या पाहणीचा पाया तोंडाची प्रत्यक्ष तपासणी हाच होता. तंबाखूमुळे पडणारा पांढरा चट्टा किंवा सुपारी-गुटख्याने गालास येणारा ताठरपणा क्ष-किरण चित्रात दिसत नाही.

म्हशासारख्या गावातून मुंबई गाठावयाची तर मुरबाड, कल्याण असा टप्प्याटप्प्याचा प्रवास करावा लागतो. त्यात रोजगार बुडतो. यास्तव कोणास केव्हा पाठवावे हे गावात ठाऊक असणे महत्त्वाचे. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, न पुसला जाणारा पांढरा वा लाल चट्टा, स्वतःची तीन बोटे उभी मावणार नाहीत इतके आखडलेले तोंड, कारणावाचून हलू लागलेला दात, जबड्याची सूज किंवा ओठाची बधिरता यांपैकी काही आढळल्यास विलंब न लावता शासकीय रुग्णालयातील दंतवैद्यास दाखवावे. पूर्वीची चित्रे रुग्णाने सोबत न्यावीत. जुन्या चित्राशी तुलना करता आली तर निदान सुकर होते आणि एखादे नवे चित्र टळते. शिक्षकाने वर्गात मुलांची तोंडे पाहणे आणि पंचायतीने जन्मनोंद वही पूर्ण ठेवणे, या दोन गोष्टी घडल्या तर तज्ज्ञाचे निम्मे काम गावातच झालेले असेल.