नंबर तोच, रंग वेगळा! रेशीम आणि मणी जुळवताना



समजा, आपल्या गटाला एकाच नमुन्याच्या २० तोरणांची ऑर्डर मिळाली. पाच जणी आपापल्या घरी भरायला बसल्या. एकीचं रेशीम अँकरचं, दुसरीचं डीएमसीचं, तिसरीनं आठवडी बाजारातून आणलेलं. प्रत्येकीचं काम सुबक. पण सगळी तोरणं सतरंजीवर मांडली की लाल तीन तऱ्हेचा! असा माल परत आला तर मजुरी अडकते. म्हणून रंग जुळवायची पद्धत शिकून घेऊ.

१. नंबर कंपनीचा असतो
डीएमसीचा काळा ३१० नंबरचा, अँकरचा काळा ४०३. अँकरचा ३१० मागितलात तर तपकिरी लडी हातात येईल! दोन्ही कंपन्यांचे नंबर शेजारी शेजारी दिलेले तक्ते मोबाईलवर मिळतात. पण तक्ता जवळचा रंग सांगतो, अगदी तोच नाही. निकाल डोळ्यांनीच द्यायचा.

२. रंग कसा बघायचा?
- दिवसा, दारातल्या सावलीत बघा. ट्यूबलाइटखाली सारखे वाटणारे रंग उन्हात वेगळे निघतात.
- ज्या कापडावर भरायचं, त्यावरच दोन पदरांनी चार-पाच टाके घाला. लडीत गडद वाटणारा रंग पांढऱ्या कापडावर फिका दिसतो.
- दोन्ही टाक्यांचा मोबाईलवर काळा-पांढरा फोटो काढा. एक गडद, एक फिका आला तर जोडी जमली नाही.
- गिऱ्हाइकानं फोटोवर रंग दाखवला तर त्यावर विसंबू नका. धाग्याचा तुकडा पाठवून होकार घ्या.

३. मणी
पारदर्शक मण्यातून आतला दोरा दिसतो. तोच मणी पांढऱ्या दोऱ्यात उजळ आणि काळ्या दोऱ्यात गडद दिसतो. म्हणून पुडीत बघून ठरवू नका, दहा मणी ओवून बघा. सगळ्याजणींनी दोराही एकच वापरा.

मण्याचा नंबर वाढला की मणी लहान होतो. ११ नंबर ८ पेक्षा बारीक. नंबर एक असला तरी दोन कंपन्यांच्या मण्यांत थोडा फरक असतो, मग ओळ वाकडी जाते. मणी ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळा. फडक्याला रंग लागला तर तो मणी घेऊ नका.

४. आधी हिशेब, मग खरेदी
या दोन्ही कंपन्यांच्या नेहमीच्या लडीत ८ मीटर रेशीम असतं, सहा पदरी. दोन पदरांनी भरलं तर २४ मीटर होतं. एक तोरण भरून किती लागलं ते मोजा, २० नं गुणा, वर थोडं जास्त धरा. सगळा माल गटानं एकदम घ्यावा आणि वाटून द्यावा.

५. मधेच संपलं तर?
अर्ध्या फुलात रंग बदलू नका. हातातलं फूल जुन्या रेशमानं पुरं करा. उरलेल्या फुलांना, जुनं थोडं शिल्लक असेल तर, एक पदर जुना आणि एक नवा घ्या; फरक डोळ्यात भरत नाही.

पुढच्या बैठकीचं काम
गटाची एक रंगवही करा. प्रत्येक पानावर धाग्याचा तुकडा, ओवलेले पाच मणी, कंपनी, नंबर, दुकान आणि तारीख. तीच ऑर्डर पुन्हा आली की वही उघडायची आणि खरेदीला निघायचं!