शिष्यांशी शांत, घरात संतापी

प्रश्न : वडील लष्करात बॉक्सर होते. निवृत्तीनंतर माहूरला मुलांना शिकवतात. तिथे शांत, घरी मात्र ताट भिरकावतात. भावालाही त्यांनीच शिकवलं. आता दोघांत बोलणं बंद आहे. आई मधे भरडली जाते. काय करू?
– एक वाचक भगिनी, माहूर

उत्तर : ताई, आधी त्यांची तपासणी करा. डोक्यावर सतत ठोसे खाल्ल्याने बॉक्सरच्या मेंदूवर होणारे परिणाम डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनी 1928 मध्येच मांडले होते. विसरभोळेपणा, हात कापणं, अडखळत चालणं दिसतं का? नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात दाखवा. किती वर्षं खेळले, कितीदा बेशुद्ध पडले, हेही डॉक्टरांना सांगा. पण सगळं खापर मेंदूवर फोडू नका. शिष्यांसमोर राग आवरतो, म्हणजे काही ताबा शिल्लक आहेच!

भावाला मात्र दुसऱ्या प्रशिक्षकाकडे पाठवा. शेजारच्या निजामाबादच्या बॉक्सर निखत झरीनला वडिलांनीच या वाटेवर आणलं. पुढे ती विशाखापट्टणमला आय. व्ही. राव यांच्याकडे शिकली आणि 2022 मध्ये जगज्जेती झाली. गुरूपण सुटलं की बापलेकाला बोलायला दुसरा विषय सापडतो.

वडील डॉक्टरकडे जायला तयार नसतील तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर तुम्हीच बोला. आईवर हात उचलत असतील तर तपासणीसाठी थांबू नका, महिला हेल्पलाइनचा 181 लावा.