गाडी तीच, मग टायर आधी कोणाचे संपतात?

प्रश्न : शर्यतीत एकाच संघाच्या दोन गाड्या, टायर सारखेच. तरी एकाचे लवकर का झिजतात? आणि वसई फाट्यावरून रोज ठाण्याला जाणाऱ्या माझ्या कारचा पुढचा डावा टायर एकाच कडेने खाल्ला गेलाय. चूक माझ्या चालवण्याची का?
– एक वाचक, नालासोपारा

उत्तर : बुद्ध सर्किटवरची २०१३ ची फॉर्म्युला वन शर्यत, इंडियन ग्रां प्री आठवा. पिरेलीचे मऊ टायर इतक्या झपाट्याने संपत होते, की वेटेलने ते दुसऱ्याच फेरीनंतर काढून टाकले आणि शर्यत जिंकली. लोटस संघाचा ग्रोजाँ १७व्या जागेवरून सुटून, एकदाच थांबून तिसरा आला. त्याच्याच संघाचा राइकोनन सातवा. (डावपेचही वेगळे होते, सगळं श्रेय चालवण्याला नको.)

रबर खातं ते घसरणं. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना ॲक्सिलरेटर दाबला, की शर्यतीच्या गाडीची मागची चाकं नुसती फिरतात, पृष्ठभाग तापतो, पकड आणखी सुटते. पुढची चाकं घसरली तर नवखा स्टिअरिंग अजून पिळतो आणि कड खरवडून काढतो. मुरलेला चालक ब्रेक हळूहळू सोडत वळतो. स्टिअरिंग सरळ होईल तसा पाय दाबतो.

तुमचं दुखणं बहुधा वेगळं. एकच कड झिजलीय, तर आधी व्हील अलाइनमेंट तपासा. खड्ड्यात आदळून ते बिघडतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात खड्डे शोधावे लागत नाहीत. दोन्ही कडा गेल्या असत्या तर हवा कमी म्हटलं असतं. आतल्या तारा दिसत असतील, तर गाडी हायवेवर नेऊच नका.