गाठ सुटली, मग हिरमोड का?

प्रश्न : रहस्यमालिका चालू असते तेव्हा आमच्या घरात सगळे जीव मुठीत धरून बघतात. शेवटचा भाग संपला की मात्र एक म्हणतो 'झकास', दुसरा म्हणतो 'एवढे महिने फुकट गेले'. मालिका एकच, मग मतं इतकी टोकाची कशी?

उत्तर : टीव्ही एक असला, तरी पाहणारे दोन जातीचे असतात. एकाला कोडं सोडवायचं असतं. कोण कुठे होतं, किल्ली कोणाकडे होती, हे तो मनात टिपत जातो आणि शेवटी हिशेब जुळावा अशी त्याची अपेक्षा असते. दुसऱ्याला त्या अंधारात, त्या धाकधुकीत रमायचं असतं. त्याच्या लेखी उत्तर आलं की मजा संपली. शेवट या दोघांपैकी एकाचीच बाजू घेऊ शकतो.

'ट्विन पीक्स'चं तसंच झालं. एप्रिल १९९० मध्ये ही मालिका अमेरिकेत एबीसी वाहिनीवर सुरू झाली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं लॉरा पामर या शाळकरी मुलीचं प्रेत पाण्याकाठी सापडतं आणि 'लॉराला मारलं कोणी?' हा प्रश्न देशभर चघळला जातो. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट या कर्त्यांना उत्तर इतक्यात द्यायचं नव्हतं. वाहिनीने रेटा लावला, नोव्हेंबरमध्ये खुनी कळला, प्रेक्षक पांगले आणि जून १९९१ मध्ये मालिका आटोपली. सोन्याचं अंडं देणारी कोंबडीच कापली गेली, ही लिंच यांची खंत पुढे कायम राहिली.

त्यांची कामाची रीत पाहिली की ती खंत समजते. फ्रँक सिल्व्हा हा सेटची मांडणी करणारा माणूस लॉराच्या खोलीत सामान हलवत होता. लिंच यांनी त्याला पलंगाच्या पायथ्याशी दबा धरून बसवलं आणि एक शॉट घेऊन ठेवला. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पुढे लॉराची आई किंचाळत उठते त्या शॉटमध्ये तोच सिल्व्हा चुकून आरशात दिसला. लिंच यांनी ती चूक ठेवून दिली आणि त्यातून 'बॉब' हे मालिकेतलं सर्वांत भयंकर पात्र जन्मलं. अंधारात रमणाऱ्याला हे ऐकून आनंद होईल. कोडं सोडवणाऱ्याला मात्र फसवल्यासारखं वाटेल, आणि त्याचंही चूक नाही.

आपल्याकडे २०१६ मध्ये झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' आली, तेव्हा नाईकांच्या वाड्यात चाललंय ते भुतांचं की माणसांचं, यावर घरोघरी वाद झाले. कोणी मालवणी बोलीवर फिदा होतं, तर कोकणातूनच अंधश्रद्धेचा आणि बदनामीचा आक्षेप आला. २०१९ मध्ये दुसरं पर्व मागच्या काळात गेलं. वाड्याचे कर्ते अण्णा नाईक पुढे मरणार, हे पहिल्या पर्वामुळे सगळ्यांना माहीत होतं. तरीही अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता घराघरांत पोचले, कारण प्रश्न 'कोणी?' राहिला नव्हता, 'कसं?' झाला होता.

रहस्यपटांचे दिग्दर्शक हिचकॉक यांनी हा फरक फार सोप्या रीतीने सांगितला आहे. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद हादरतो. बॉम्ब तिथे आहे हे आधीच दाखवलं, तर पंधरा मिनिटं श्वास रोखून बसतो.

म्हणून पुढची रहस्यमालिका संपेल तेव्हा वाद घालण्याआधी तिचा पहिला भाग सगळ्यांनी मिळून पुन्हा बघा. उत्तराच्या खुणा तिथे आधीच पेरलेल्या दिसल्या, तर शेवट प्रामाणिक आहे, मग तो आवडो न आवडो. एकही खूण सापडली नाही, तर 'फुकट गेले' म्हणणाऱ्याची तक्रार रास्त आहे. आणि शेवट माहीत असूनही त्या पहिल्या भागात काळजात धस्स झालं, तर 'झकास' म्हणणाराही खरंच बोलत होता.