पायाखालीं मऊ पडणारा ब्रेक

वसतिगृहाची जुनी पिकअप गाडी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. कांद्याबटाट्यांचीं पोतीं, बांकें, क्वचित् क्रिकेटचा संघसुद्धां तिनें वाहिला आहे. गेल्या वर्षीं या गाडीनें आम्हांस पदार्थविज्ञानाचा जो पाठ दिला, तो फळ्यापुढें उभें राहून आम्हांस कधीं इतका स्पष्ट करतां आला नव्हता. म्हणून तो येथें लिहून ठेवीत आहों.

ब्रेक बरेच दिवस मऊ लागत होता. "एकदां दाबला तर खोल जातो, पण लागोपाठ दुसऱ्यांदा दाबला कीं धरतो, सर," असें ड्रायव्हरमामा म्हणत. आम्हीं तें ऐकलें आणि स्वस्थ बसलों. दोष एकट्या मामांचा नव्हे. पुढें कोल्हापुराहून माल घेऊन आंबा घाट उतरत असतां पेडल तळाला टेकलें, आणि या खेपेस दुसऱ्यांदा दाबूनही वर आलें नाहीं. मामांनीं तत्काळ खालचा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला व गाडी डोंगराच्या बाजूच्या चरांत घातली. हँडब्रेक तारेनें चालतो, त्याचा नळ्यांतील द्रवाशीं संबंध नसतो. म्हणूनच हा लेख लिहावयास आम्ही उरलों. अर्ध्या तासानें पेडल पुन्हां पूर्ववत् झालें. "आतां ठीक आहे, सावकाश जाऊं," मामा म्हणाले. आम्हीं मात्र पोतीं दुसऱ्या टेंपोंत चढविलीं व गाडी मागाहून ओढून आणविली.

आतां पेडल मऊ कां पडतें, तें पाहूं. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोंचतो, हा फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) याचा नियम आपण शिकलांत. पेडल दाबलें कीं मास्टर सिलिंडरांतील दट्ट्या द्रवास ढकलतो व तोच दाब चारी चाकांपाशीं जातो. चाकाजवळील दट्ट्याचें क्षेत्रफळ दुप्पट असेल तर तेथील जोरही दुप्पट होतो. ही सारी करामत एका गोष्टीवर उभी आहे: द्रव दाबानें जवळजवळ आकसत नाहीं. वायु मात्र आकसतो. नळींत हवेचा बुडबुडा शिरला कीं पायाचा जोर प्रथम त्या बुडबुड्यास चेपण्यांतच खर्ची पडतो.

परंतु प्रत्येक मऊ ब्रेक हवेमुळेंच होतो असें नाहीं, आणि येथेंच बहुतेकांची फसगत होते. गाडी उभी ठेवून पायानेंच पुष्कळ कांहीं ओळखतां येतें. दुसऱ्या दाबास पेडल उंच येऊन दगडासारखें घट्ट झालें, तर बहुधा मागच्या चाकांचे लायनर झिजून ड्रमपासून दूर गेलेले असतात. तें वर येऊनही स्प्रिंगेसारखें लवत राहिलें, तर हवेचा संशय घ्यावा. जुन्या रबरी नळ्या दाबानें फुगत असल्या तरी असाच भास होतो. पाय स्थिर ठेवूनही पेडल हळूहळू बुडत गेलें, तर द्रव कोठें तरी निसटत आहे. अशा वेळीं टांकीतील पातळी पाहावी. ती घटत असेल तर गळती बाहेर आहे. चाकांच्या आंतल्या बाजूस ओल शोधावी. पातळी तशीच असेल तर मास्टर सिलिंडरांतील रबरी वाटी झिजली असावी. इंजिन बंद असतां चारपांच वेळां दाबून, मग पाय ठेवूनच इंजिन चालू केलें, तर पेडल थोडें खालीं जातें. हा दोष नव्हे. तें ब्रेकास साहाय्य करणाऱ्या बूस्टरचें काम आहे.

आमच्या गाडींत दोन दुखणीं एकत्र नांदत होतीं. दोनदां दाबावें लागे तें झिजलेल्या लायनरांमुळें. ती संवय जडल्यामुळें दुसरें दुखणें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. गाडी थंड असतां ब्रेक लागतो, लांब उतारावर जातो व निवल्यावर परत येतो, याचा अर्थ द्रव उकळत होता.

गणित करून पाहा. मालासह २५०० किलोग्रॅमची गाडी ३०० मीटर उंचीवरून खालीं आली, तर सुमारें ७५ लक्ष जूल ऊर्जा कोठें तरी जावयास हवी. एवढ्या ऊर्जेनें २५ अंशांचें २४ लिटर पाणी उकळीस येईल! खालच्या गिअरमध्यें उतरल्यास तिचा मोठा वाटा इंजिन शोषून घेतें; वरच्या गिअरमध्यें पाय ब्रेकावर ठेवून उतरल्यास बहुतेक सारी चाकांपाशीं उष्णता होऊन राहते. मामा घाईंत दुसऱ्या प्रकारें उतरत होते.

गॅरेजांत ज्यास 'ब्रेक ऑइल' म्हणतात तें वस्तुतः खनिज तेल नव्हेच, आणि या नांवानें पुष्कळ घोटाळा केला आहे. एका विद्यार्थ्यानें विचारलें, इंजिनचेंच तेल कां घालूं नये? घातल्यास ब्रेकांतील रबर फुगून सारी यंत्रणा निकामी होईल. हा द्रव ग्लायकॉल जातीचा असून हवेंतील ओलावा शोषतो. डॉट ३ या प्रतीचा ताजा द्रव २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. ओलावलेल्या द्रवाची तीच मर्यादा १४० अंशांवर येते. आमच्या टांकींतील द्रव चहाच्या काढ्यासारखा काळा झाला होता, आणि कोंकणांतील पावसाळे त्यानें किती पाहिले होते कोण जाणे.

मिस्त्रींनीं नवे लायनर बसविले व जुना द्रव काढला. हवा काढण्याचें काम मात्र मुलांना जवळून पाहतां आलें. आरंभ मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून केला. निपलास पारदर्शक नळी लावून तिचें टोंक बाटलींतील स्वच्छ द्रवांत बुडविलें. मामा पेडल दाबून धरीत, मिस्त्री निपल सैल करीत, बुडबुडे निघत, आणि निपल आंवळल्यावरच मामा पाय उचलीत. हा क्रम चुकला तर हवा उलट आंत शिरते. टांकी मधून मधून भरावी लागते. थोडा द्रव मडगार्डावर सांडला, तो लगेच पाण्यानें धुवावा लागला, कारण तो रंग खातो.

चौथें चाक संपल्यावर पेडल अर्ध्यावरच घट्ट थांबलें. मामांनीं संवयीनें तें पुन्हां दाबून पाहिलें. मग पटांगणांत सावकाश चार फेऱ्या झाल्या. टांकीवर त्या दिवसाची तारीख लिहून चिकटविली आहे. त्यापासून दोन वर्षांनीं द्रव पुन्हां बदलावयाचा आहे.