सुन्न करणारी सुई आणि कानातली शीळ

दाढ काढताना हिरडीत सुई दिली, मिनिटभरात कानात शीळ वाजू लागली, पण डॉक्टर कामात होते म्हणून गप्प बसलो, असं नागपूरच्या इतवारीतले पेशंट मला पुष्कळदा सांगतात. कळकळीनं सांगतो, अशा वेळी गप्प बसू नका. तोंडात कापूस असेल तर हात वर करा.

दाढेला किंवा टाके घालताना देतात ते औषध बहुधा लिग्नोकेन असतं. मज्जातंतूंवर सोडियम आत जाण्याच्या सूक्ष्म वाटा असतात. त्या हे औषध बंद करतं, म्हणून वेदनेचा निरोप पुढे जात नाही. पण सुई चुकून रक्तवाहिनीत गेली किंवा मात्रा जास्त झाली, तर ते मेंदूपर्यंत पोहोचतं. तिथे आवर घालणाऱ्या पेशी आधी मंदावतात आणि बाकीच्या अनावर होतात. कान वाजणं, जिभेला मुंग्या, तोंडात धातूची चव, गरगरणं, बेचैनी या त्याच्या पहिल्या खुणा. कान चांगलाच असतो, गडबड मेंदूत असते. दुर्लक्ष झालं तर फिट येऊ शकते, हृदयाची लय बिघडू शकते. वेळीच सांगितलंत तर सुई थांबते आणि उपचार लगेच सुरू होतात.

पण या भीतीनं दाढ दुखत ठेवू नका. साध्या लिग्नोकेनची कमाल मात्रा दर किलो वजनामागे साधारण ४.५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला २ टक्क्यांचं सुमारे ११ मिलिलिटर. एका दाढेला त्यापेक्षा बरंच कमी लागतं. यकृताचा किंवा हृदयाचा आजार, पूर्वी आलेली फिट, हे मात्र आधीच सांगा. आणि लेझरनं केस काढण्याआधी याच औषधाचं सुन्न करणारं मलम पायभर फासून वर प्लास्टिक गुंडाळू नका. अमेरिकेत त्यातून तरुणी दगावल्या आहेत.

वर्षानुवर्षं ठोकाठोकीच्या आवाजात काम करणारे काही जण वेगळंच विचारतात: कान सतत वाजतात, त्यावर हेच इंजेक्शन चालेल का? रॉबर्ट बारानी या नोबेलविजेत्या कानतज्ज्ञानं १९३५ मध्ये नोंदवलं होतं, की असं औषध शिरेतून दिल्यावर कानातला आवाज काही काळ शमतो. पुढे, शस्त्रक्रियेत कानाची नस कापली गेलेल्या रुग्णांनाही लिग्नोकेननं आराम पडला. म्हणजे तो आवाज मेंदूतल्या श्रवणमार्गातच घुमत असतो. ही माहिती संशोधनाला मोलाची, पण उपचार म्हणून माझं उत्तर नाही असंच आहे. आराम थोडा वेळ टिकतो आणि धोका हृदयाला असतो.

त्यापेक्षा कामावर कानात इअरप्लग घाला, मेयो रुग्णालयात जाऊन श्रवणचाचणी करून घ्या. दुकानातून परस्पर कानाचे थेंब आणू नका. बुरशीवरच्या काही थेंबांत लिग्नोकेन असतं, आणि पडद्याला छिद्र असेल तर ते आत उतरून भोवळ आणतं. आवाज एकाच कानात असेल तर तपासणी टाळू नका. आणि एका कानानं अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.