शेक्सपिअरची नाटकं नक्की कुणाची?

प्रश्न : ‘शेक्सपिअर हा नुसता नट होता, नाटकं कुणा सरदाराने लिहून त्याच्या नावावर खपवली,’ असं एका परिचितांनी ठामपणे सांगितलं. मृत्युपत्रात एकाही पुस्तकाचा उल्लेख नाही आणि नाटकांची हस्तलिखितं सापडत नाहीत, हा त्यांचा पुरावा. ‘नटसम्राट’ पाहून मी ‘किंग लिअर’कडे वळलो होतो. आता गोंधळून गेलो आहे. खरं काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाटकं स्ट्रॅटफर्डच्या विल्यम शेक्सपिअरनेच लिहिली, काही दुसऱ्या नाटककारांच्या सोबतीने. तुमच्या परिचितांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी मात्र बऱ्याच अंशी खऱ्या आहेत. घोटाळा होतो तो त्यांचा अर्थ लावताना.

मार्च 1616 मधल्या त्या मृत्युपत्रात पुस्तकं नाहीत. पण त्यात घरातलं बाकीचं बरंच सामानही नावानिशी आलेलं नाही; उरलेली सगळी चीजवस्तू थोरली मुलगी सुझॅना आणि जावई जॉन हॉल यांना, असं एकत्रच लिहिलं आहे. हॉल वैद्य होता, शिकलेला होता. नाटकांच्या संहितांचं म्हणाल तर त्या शेक्सपिअरच्या नव्हत्याच. त्या काळी लंडनमध्ये नाटक मंडळीकडे गेलं की संहिता मंडळीच्या मालकीची होई. त्याच्या बरोबरीच्या बहुतेक नाटककारांच्या हस्ताक्षरातली नाटकंही उरलेली नाहीत. त्यांच्याबद्दल कुणी शंका काढत नाही.

त्याच मृत्युपत्रात एक ओळ आहे, ती शंका घेणारे सहसा सांगत नाहीत. रिचर्ड बर्बेज, जॉन हेमिंग्ज आणि हेन्री कॉन्डेल या आपल्या नाटक मंडळीतल्या तीन सोबत्यांना स्मरणाच्या अंगठ्यांसाठी त्याने पैसे ठेवले. यांतल्या हेमिंग्ज आणि कॉन्डेल यांनीच सात वर्षांनी, 1623 साली, त्याची 36 नाटकं एका ग्रंथात छापून काढली. त्यालाच आपण ‘फर्स्ट फोलिओ’ म्हणतो. त्यातली 18 नाटकं तोवर कधीच छापली गेली नव्हती; ‘मॅकबेथ’, ‘ज्युलिअस सीझर’, ‘द टेम्पेस्ट’ त्यांतलीच. ग्रंथाच्या सुरुवातीला नाटककार बेन जॉन्सनने आपल्या या मित्रावर कविता लिहिली आणि त्याचा एव्हन नदीशी संबंध जोडला. स्ट्रॅटफर्ड त्याच नदीकाठी आहे. स्ट्रॅटफर्डचा गृहस्थ, मंडळीतला नट आणि पुस्तकावरचा लेखक ही एकच व्यक्ती, हे त्याला रोज पाहणारी माणसं सांगत होती.

मग शंका आली कुठून? त्याच्या मृत्यूला दोनशेहून जास्त वर्षं होईपर्यंत हा वाद पेटलेलाच नव्हता. 1856-57 च्या सुमारास डेलिया बेकन या अमेरिकन बाईंनी नाटकांमागे तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन आणि त्याच्या वर्तुळातली माणसं असल्याचं मांडलं. पुढे इग्नेशियस डॉनेली याला नाटकांत बेकनने पेरलेले सांकेतिक संदेश दिसू लागले. 1920 मध्ये टॉमस लूनी या इंग्लिश शाळामास्तराने ऑक्सफर्डचा सतरावा अर्ल, एडवर्ड द व्हिअर याचं नाव पुढे केलं. आज सगळ्यात जास्त अनुयायी याच मताचे आहेत. मार्क ट्वेनने शेक्सपिअरवर शंका घेतली, सिग्मंड फ्रॉइडला ऑक्सफर्डच लेखक असल्याचं पटलं. मोठी नावं आहेत, म्हणून त्यांचं ऐकून घ्यावं. पुरावा मात्र त्यांनीही नवा आणला नाही.

ऑक्सफर्डची अडचण अगदी साधी आहे. तो जून 1604 मध्ये वारला. ‘लिअर’, ‘मॅकबेथ’, ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ ही त्यानंतरची नाटकं. ‘टेम्पेस्ट’मधलं वादळ 1609 साली बर्म्युडाजवळ फुटलेल्या ‘सी व्हेंचर’ जहाजाच्या हकिगतींवरून घेतलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ही नाटकं आधीच लिहून ठेवली होती आणि मागाहून बाहेर काढली, असं उत्तर दिलं जातं. ते धरून चाललं तरी 1598 सालचं, त्याच काळातल्या फ्रान्सिस मिअर्स या लेखकाचं पुस्तक पाहा. त्यात शेक्सपिअरच्या बारा नाटकांची नावं आहेत, आणि विनोदी नाटकं लिहिणाऱ्यांच्या यादीत ऑक्सफर्ड आणि शेक्सपिअर वेगवेगळे मोजलेले आहेत. मिअर्सच्या लेखी ती दोन माणसं होती.

मला स्वतःला सगळ्यात पटणारा पुरावा नाटकांच्या आत सापडतो. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या 1599 च्या छापील प्रतीत एके ठिकाणी पीटर या नोकराच्या प्रवेशाला पात्राऐवजी नटाचं नाव पडलं आहे : विल केम्प. ‘मच अडू अबाउट नथिंग’च्या 1600 च्या प्रतीत डॉगबेरी आणि व्हर्जेस यांच्या काही संवादांवर केम्प आणि काउली ही नटांची नावं आहेत. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पात्राआधी नट उभा होता. केम्प हा मंडळीचा विनोदी नट, नाचणारा, धांगडधिंगा घालणारा. 1599 च्या सुमारास तो मंडळी सोडून गेला आणि त्याच्या जागी रॉबर्ट आर्मिन आला. हा गाणारा, शब्दांशी खेळणारा, स्वतः लेखणी चालवणारा. त्यानंतर शेक्सपिअरचे विदूषकच बदलले. ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधला फेस्टी गातो आणि गाता गाता सगळ्यांना खरं सुनावतो, लिअरचा विदूषक राजाच्या जखमेवर बोट ठेवतो. आपल्याकडे किर्लोस्कर किंवा गंधर्व मंडळीसाठी लिहिणाऱ्याला कोणती जागा कोण गाणार हे ठाऊक असे, तसं हे आहे. तालमीपासून दूर, वाड्यात बसून गुपचूप संहिता पाठवणाऱ्या सरदाराला हे जमणार नाही. पुढे 1609 च्या सुमारास मंडळी ब्लॅकफ्रायर्सच्या बंदिस्त नाट्यगृहात खेळू लागली. तिथे मेणबत्त्यांचा उजेड. वाती कातरायला मध्ये थांबावं लागे. नंतरच्या नाटकांची अंकरचना या थांब्यांना जुळून येते. ऑक्सफर्ड तेव्हा पाच वर्षांपूर्वीच गेलेला होता.

राहिला शिक्षणाचा मुद्दा. वडील हातमोजे करणारे, मुलगा विद्यापीठात गेला नाही, मग एवढं ज्ञान कुठून? जॉन शेक्सपिअर हातमोजे करत हे खरं. पण 1568 मध्ये ते गावचे प्रमुख होते आणि गावात चांगली लॅटिन शाळा होती. ओव्हिड, प्लॉटस, सेनेका अशाच शाळांत वाचले जात, आणि नाटकांत दिसतो तो ओव्हिड बराचसा शाळेतलाच. नाटककार ख्रिस्तोफर मार्लो चांभाराचा मुलगा होता. बेन जॉन्सनचा सावत्र बाप गवंडी, आणि जॉन्सनही विद्यापीठात शिकला नव्हता. तरी त्याची विद्वत्ता कुणी नाकारत नाही. शिवाय नाटकांतलं ज्ञान अचूकच आहे असंही नाही : खुद्द शेक्सपिअरने ‘विंटर्स टेल’मध्ये समुद्र नसलेल्या बोहेमियाला समुद्रकिनारा दिला, त्यावर जॉन्सन हसला होता. या वादाच्या मुळाशी मला जातकुळीचा अहंकार दिसतो : कारागिराच्या पोराला राजाचं मन कळणार नाही, ही समजूत. तिची मला चीड येते, कारण ती एका शेक्सपिअरपुरती थांबत नाही.

शंका घ्यायचीच असेल तर जिथे अभ्यासकही घेतात तिथे घ्या. शेक्सपिअर नेहमीच एकटा लिहीत नव्हता. ‘टायटस अँड्रॉनिकस’मध्ये जॉर्ज पीलचा, ‘टायमन ऑफ अथेन्स’मध्ये टॉमस मिडलटनचा, ‘पेरिक्लिस’मध्ये जॉर्ज विल्किन्सचा हात आज बहुतेकांना मान्य आहे. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या 2016 च्या आवृत्तीने ‘सहावा हेन्री’च्या तिन्ही भागांवर सहलेखक म्हणून मार्लोचं नाव घातलं, तो वाद अजून चालू आहे. ‘सर टॉमस मोर’ या अनेकांनी मिळून लिहिलेल्या नाटकाचं हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातली तीन पानं शेक्सपिअरच्याच हातची असावीत, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. हस्तलिखित एकही नाही, हे विधान म्हणूनच पूर्ण खरं नाही.

तुमच्या परिचितांना ‘द टू नोबल किन्समेन’ची 1634 ची पहिली छापील प्रत दाखवा. तिच्या मुखपृष्ठावर दोन लेखकांची नावं एकत्र आहेत : जॉन फ्लेचर आणि विल्यम शेक्सपिअर.